सबस्टने केलेल्या सगळ्या ड्राइव्हना एकच नाव दिसतं, दिलेलं नाव टिकत नाही: काय तपासायचं

एकाच हार्ड डिस्कवरच्या वेगवेगळ्या फोल्डरांना सबस्ट कमांड वापरून पी, क्यू, आर, एस अशी अक्षरं दिली आहेत. 'धिस पीसी' उघडलं की चारही ड्राइव्हना एकच नाव दिसतं. वेगळं नाव द्यायला जावं तर लागत नाही. लागलंच तर पुढच्या आठवड्यात गायब होतं, आणि एखाद्या दिवशी तेच नाव भलत्याच ड्राइव्हवर जाऊन बसतं. विंडोज १० आणि ११ दोन्हींवर मी हे इतक्यांदा निस्तरलं आहे की आता सगळं एका जागी लिहून ठेवते.

नागपुरात महालात आमचं डीटीपी आणि छपाईचं काम आहे. लग्नपत्रिका बारमाही. दीक्षाभूमीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाआधी पुस्तिकांची घाई, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की निवेदनं, पत्रकं, फलक. जुन्या मशीनला खरोखरच्या चार पार्टिशन होत्या. पत्रिका पी वर, पुस्तिका क्यू वर, फोटो आर वर, बाकी किरकोळ एस वर. ती डिस्क थकली, नवीन एसएसडी टाकली, तिच्यावर सी आणि डी एवढेच दोन ड्राइव्ह केले आणि जुना सगळा माल डी वर उतरवला. पण पेजमेकर आणि कोरल या पानं मांडायच्या प्रोग्रॅमांच्या जुन्या फायलींत फोटोंचे दुवे आर वरचे होते. फाईल उघडली की फोटो सापडत नाहीत, असा संदेश. शेकडो फायलींचे दुवे हाताने जोडणं शक्य नव्हतं. सबस्टने डी वरच्या फोल्डरांना तीच जुनी अक्षरं दिली आणि सगळे दुवे आपोआप जुळले. डॉस ३.१ च्या काळापासूनची ही कमांड आहे, आणि अजूनही इतक्या कामाची आहे याचं मला कौतुक वाटतं.

दुसऱ्याच दिवशी ऑपरेटर भाऊंनी हाक मारली, "ताई, हे चारही ड्राइव्ह सारखेच दिसून राह्यले. कोन्त्यात सेव्ह करू?" चारहींवर 'डेटा' लिहिलेलं होतं, कारण डी चं नाव 'डेटा' होतं. मी म्हटलं, अक्षर बघून करा. ही माझी चूक. घाईत अक्षर कुणी बघत नाही. एका पत्रिकेची दुरुस्त केलेली फाईल पी ऐवजी एस वर गेली, पी वरची जुनी फाईल छापायला गेली, आणि मुहूर्ताची वेळ चुकीची असलेल्या तीनशे पत्रिका आम्हाला आमच्या खर्चाने पुन्हा छापून द्याव्या लागल्या. मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो. नावाचा प्रश्न मी तेव्हापासून किरकोळ मानत नाही.

नाव सारखंच का दिसतं, हे आधी नीट समजून घ्यावं, म्हणजे पुढचं सोपं जातं. ड्राइव्हचं लेबल, म्हणजे नाव, हे डिस्कवरच्या व्हॉल्यूममध्ये, म्हणजे फॉरमॅट केलेल्या भागात, लिहिलेलं असतं. सबस्टने केलेल्या ड्राइव्हला स्वतःचं व्हॉल्यूमच नसतं, तो डी मधल्या एका फोल्डरकडे बोट दाखवतो. म्हणून विंडोज त्याचं नाव विचारतं तेव्हा उत्तर डी कडून येतं. मोकळी जागाही डी चीच दिसते. चार ड्राइव्हवर प्रत्येकी तीनशे जीबी मोकळी दिसली म्हणून बाराशे जीबी धरू नका, ती एकच तीनशे आहे. लेबल, फॉरमॅट, चेकडिस्क या कमांड सबस्टच्या ड्राइव्हवर वापरू नयेत असं मायक्रोसॉफ्टनेच सांगून ठेवलं आहे. राईट क्लिक करून रिनेम करण्याच्या वाटेला म्हणूनच जाऊ नका. नाव द्यायची जागा वेगळी आहे.

ती जागा रजिस्ट्रीत आहे, म्हणजे विंडोज आपल्या सेटिंग जिथे साठवतं तिथे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की रन ची चौकट येते, तिच्यात रेजएडिट टाइप करून उघडा. हात लावण्याआधी फाईल मेनूतून एक्सपोर्ट करून प्रत ठेवा, हे मी दर वेळी करते. पुढची सगळी नावं इंग्रजी स्पेलिंगने टाइप करायची आहेत, इथे मी फक्त उच्चार लिहिते आहे. डावीकडे पिवळ्या फोल्डरांसारखं जे दिसतं त्यांना 'की' म्हणतात. मी कप्पा म्हणते, वाक्यात घोळ होत नाही. या वाटेने खाली उतरा: एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, ड्राइव्हआयकॉन्स. करंटव्हर्जन आणि ड्राइव्हआयकॉन्स हे जोडशब्द आहेत, मध्ये जागा सोडायची नाही. ड्राइव्हआयकॉन्स नसेल तर नवीन बनवा. त्याच्या आत पी नावाचा कप्पा, नुसतं अक्षर, विसर्ग चिन्हासारखे दोन टिंब नकोत. पी च्या आत डीफॉल्टलेबल नावाचा कप्पा. आता डीफॉल्टलेबल वर क्लिक केलं की उजवीकडे कंसात डीफॉल्ट लिहिलेली एक ओळ दिसेल. तिच्यावर डबल क्लिक करा आणि तिथे नाव लिहा.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लोक पी च्या आत उजवीकडे डीफॉल्टलेबल नावाची नवीन स्ट्रिंग व्हॅल्यू बनवतात आणि तिच्यात नाव लिहितात. ते दिसायला बरोबर वाटतं आणि काहीच घडत नाही. डीफॉल्टलेबल हा कप्पाच हवा, आणि नाव त्या कप्प्याच्या डीफॉल्ट ओळीत हवं. मला कुणी फोन केला की मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि निम्म्या वेळा काम तिथेच संपतं.

मशीनचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे नसेल तर फक्त आपल्या लॉगिनपुरतंही नाव देता येतं. त्यासाठी एचकी करंट यूजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, ॲप्लिकेशन्स, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई, ड्राइव्ह्ज, या वाटेने जाऊन आत पी आणि त्याच्या आत डीफॉल्टलेबल बनवा. बाकी पद्धत तीच. अर्थात दुसऱ्या कुणी त्याच मशीनवर आपल्या नावाने लॉगिन केलं तर त्याला हे नाव दिसणार नाही. 'माझ्याकडे दिसतं, भाऊंकडे दिसत नाही' अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

नाव लिहिल्यावर एक्सप्लोररची खिडकी एफ ५ ने ताजी करा. तरी नाही दिसलं तर टास्क मॅनेजरमधून विंडोज एक्सप्लोरर रीस्टार्ट करा, किंवा साइन आउट करून परत या.

एवढं करूनही आमच्याकडे पी वर 'डेटा'च दिसत राहिलं. दोन संध्याकाळी मी त्यावर घालवल्या. शेवटी कळलं की आमच्या दोन्ही मशीनवर मूळ डिस्कला नाव असेल तर तेच आधी घेतलं जातं, रजिस्ट्रीतलं नाव मागे राहतं. डीफॉल्टलेबल हे नावाप्रमाणेच आहे, डिस्कने काही सांगितलं नाही तर वापरायचं नाव. म्हणून डी वर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, वरच्या चौकटीतलं 'डेटा' पुसून चौकट रिकामी, ओके. डी 'लोकल डिस्क' झाला आणि त्याच क्षणी पी वर 'पत्रिका', क्यू वर 'पुस्तिका' उमटलं. मग डी लाही ड्राइव्हआयकॉन्समध्ये स्वतःचा कप्पा करून 'मूळ डिस्क' असं नाव दिलं. तेव्हापासून डिस्कवर लेबल लिहायचंच नाही, सगळी नावं रजिस्ट्रीतून द्यायची, हा आमचा नियम आहे. कुणी नवीन मुलगा येतो, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन डी ला हौसेने नाव देतो, आणि चारही ड्राइव्हची नावं एका झटक्यात जातात. नावं 'आपोआप' गेली असं वाटलं की मी आता पहिल्यांदा डी कडे बघते.

मराठी नावांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण ही अडचण आपल्यालाच येते. रेजएडिटच्या चौकटीत युनिकोड कीबोर्डने थेट 'लग्नपत्रिका' टाइप केलं तर ते जसंच्या तसं दिसतं. पण आपल्या धंद्यातले अर्धे लोक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आतली अक्षरं मात्र रोमन असतात. तसा मजकूर नावाच्या चौकटीत चिकटवला की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. ड्राइव्हचं नाव विंडोज स्वतःच्या फॉन्टमध्ये दाखवतं, तुमच्या फॉन्टमध्ये नाही. त्यामुळे इथे युनिकोडच लागतं.

दुसरी अडचण रेग फाईलची, म्हणजे डबल क्लिक केलं की रजिस्ट्रीत नोंदी भरणाऱ्या फाईलची. चार मशीनवर हेच करायचं म्हणून नोटपॅडमध्ये रेग फाईल लिहिली, नाव मराठीत दिलं, डबल क्लिक केलं आणि ड्राइव्हवर भलतीच अक्षरं आली, तर फाईलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बघा. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ ८ मध्ये साठवतं. रेग फाईलमध्ये मराठी असेल तर सेव्ह ॲज करताना खाली यूटीएफ १६ एलई निवडा. त्यापेक्षा सोपं म्हणजे एका मशीनवर हाताने नावं भरा, ड्राइव्हआयकॉन्सवर राईट क्लिक करून एक्सपोर्ट करा. ती फाईल रेजएडिट योग्य पद्धतीनेच लिहितो. तीच पेन ड्राइव्हवर घेऊन बाकी मशीनवर चालवा.

सबस्टच्या ओळी लिहून ठेवायच्या बॅच फाईलचं, म्हणजे कमांड ओळीने चालवणाऱ्या फाईलचं, उलटं आहे. तिच्यात फोल्डरचं नाव मराठीत असेल, जसं डी:\कामे\पत्रिका, तर फाईल यूटीएफ ८ मध्ये, बीओएम (फाईलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) शिवाय साठवा आणि सबस्टच्या आधी सीएचसीपी ६५००१ ही ओळ घाला. नाहीतर काळ्या खिडकीचं, म्हणजे कमांड प्रॉम्प्टचं, जुनं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) मराठी अक्षरं ओळखत नाही, आणि समोर फोल्डर असूनही 'पाथ सापडला नाही' असं सांगतं. काळ्या खिडकीत मराठीऐवजी चौकोन दिसले तर घाबरू नका, तो फक्त दाखवण्याचा दोष आहे, काम बरोबर होतं. मी आता फोल्डरांची नावं इंग्रजीत आणि ड्राइव्हची नावं मराठीत ठेवते. माणसाने वाचायचं ते मराठीत, कमांडने वाचायचं ते इंग्रजीत. त्रास निम्मा झाला.

नावाच्या लांबीचा प्रश्नही कुणी ना कुणी विचारतं. खऱ्या डिस्कच्या लेबलला, डिस्क एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ३२ आणि फॅट ३२ पद्धतीने असेल तर ११ अक्षरांची मर्यादा असते, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. 'पत्रिका' आपल्याला तीन अक्षरं वाटते, मोजताना ती सात भरते. रजिस्ट्रीतल्या नावाला ही अडचण नाही, तरी नाव आखूडच ठेवा, सेव्हच्या खिडकीत लांब नाव कापलं जातं.

आता नाव नाही, ड्राइव्हच जातो, ती गोष्ट. सबस्टने केलेला ड्राइव्ह मशीन बंद केलं की पुसला जातो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी वीज गेली, यूपीएसनेही दम सोडला, मशीन पुन्हा सुरू झालं, की पी, क्यू, आर, एस सगळे नाहीसे. नावं रजिस्ट्रीत सुखरूप असतात, पण लावायला ड्राइव्ह नसतो. साधा उपाय म्हणजे सबस्टच्या चार ओळींची बॅच फाईल करून स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकणं, म्हणजे लॉगिन केलं की ती आपोआप चालते. रन मध्ये शेल:स्टार्टअप लिहिलं की तो फोल्डर उघडतो. पाथमध्ये जागा असेल तर अवतरणचिन्हात घाला, आणि शेवटी स्लॅश ठेवू नका.

काही जण हे टास्क शेड्युलरमधून, म्हणजे कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीतून, करतात आणि सोबत 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची खूण करून ठेवतात. मग टास्क यशस्वी झाल्याचं दिसतं आणि ड्राइव्ह कुठेच दिसत नाही. कारण असं की सबस्टचा ड्राइव्ह ज्या लॉगिन सत्रात बनतो त्याच सत्राला दिसतो, आणि ॲडमिन म्हणून चालवलेला प्रोग्रॅम विंडोजच्या लेखी वेगळ्या सत्रात असतो. खात्री करायची असेल तर एक साधी काळी खिडकी उघडा, एक 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा, आणि दोन्हींत नुसतं सबस्ट लिहून एंटर दाबा. दोन याद्या वेगळ्या येतील. ती खूण काढून टाका.

याच कारणाने आमचा पेजमेकर एके दिवशी पुन्हा फोटो सापडत नाहीत म्हणू लागला. नवीन विंडोजवर नीट चालावा म्हणून कुणीतरी त्याला कायमचं ॲडमिन म्हणून चालवायची खूण लावली होती. एक्सप्लोररला आर दिसत होता, पेजमेकरला नाही. अशा जागी सबस्ट सोडून द्या. रेजएडिटमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, सेशन मॅनेजर, डॉस डिव्हायसेस इथे जा. सेशन मॅनेजर आणि डॉस डिव्हायसेस या नावांत मध्ये जागा आहे. उजवीकडे नवीन स्ट्रिंग व्हॅल्यू करा, तिचं नाव आर: असं, इथे मात्र दोन टिंब हवेत. तिच्यात \??\डी:\फोटो असा पाथ लिहा, शेवटी स्लॅश नाही. मशीन रीस्टार्ट करा. हा ड्राइव्ह सगळ्या सत्रांना, ॲडमिनलाही, दिसतो आणि दर वेळी आपोआप येतो. मग बॅच फाईलमधली आर ची ओळ काढा. नावाची पद्धत बदलत नाही, ड्राइव्हआयकॉन्समधलंच नाव लागतं. पुढे हा ड्राइव्ह नको झाला तर ती व्हॅल्यू काढून पुन्हा रीस्टार्ट करा.

आता सगळ्यात घातक प्रकार, जो मला सगळ्यात उशिरा कळला. रजिस्ट्रीतलं नाव फोल्डरला चिकटत नाही, अक्षराला चिकटतं. एका गिऱ्हाइकाने फोटोंचा पेन ड्राइव्ह आणला. त्या दिवशी बॅच फाईल चालली नव्हती, पी मोकळा होता. कधीतरी कुणीतरी त्या पेन ड्राइव्हला आमच्या मशीनवर पी हेच अक्षर लावलं होतं आणि विंडोजने ते लक्षात ठेवलं होतं. पेन ड्राइव्हला स्वतःचं लेबल नव्हतं. पडद्यावर 'पत्रिका' दिसलं, भाऊंनी दिवसभराचं काम तिथे साठवलं, आणि संध्याकाळी गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह खिशात घालून घरी गेलं. फोन करून काम परत मिळालं, पण त्या तासाभरात माझ्या पोटात गोळा आला होता.

म्हणून अक्षरं निवडताना विचार करा. पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर यांना विंडोज सुरुवातीची मोकळी अक्षरं देतं, नेटवर्क ड्राइव्ह जोडताना झेड पासून उलटं सुचवतं. मधली, पी ते टी ही अक्षरं त्यातल्या त्यात निवांत. कायमच्या पेन ड्राइव्हला डिस्क मॅनेजमेंटमधून वेगळं अक्षर द्या आणि त्याच्यावर लेबल लिहा. आणि प्रत्येक ड्राइव्हला चित्रही द्या. पी च्या कप्प्यात डीफॉल्टलेबलच्या शेजारी डीफॉल्टआयकॉन नावाचा कप्पा करा, त्याच्या डीफॉल्ट ओळीत आयसीओ फाईलचा पूर्ण पाथ लिहा. आम्ही पत्रिकेला लाल, पुस्तिकेला निळं, फोटोला पिवळं, किरकोळला करडं चित्र दिलं. चित्रही अक्षरालाच चिकटतं हे खरं, म्हणून सकाळी मशीन सुरू झालं की काळ्या खिडकीत सबस्ट लिहून चार ओळी दिसतात का हे भाऊ बघतात. डॉस डिव्हायसेसमधून केलेला ड्राइव्ह असेल तर तो उघडून आतले ओळखीचे फोल्डर दिसतात का बघायचं. त्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

रंगांची कल्पना मामाजींची. माझे सासरे, त्यांनी हा छापखाना खिळ्यांच्या काळात सुरू केला, म्हणजे केस नावाच्या पेटीतल्या घरांतून शिशाची सुटी अक्षरं उचलून जुळारी मजकूर जुळवायचा तेव्हा. माझी रजिस्ट्रीची खटपट बघून ते म्हणाले, "बेटा, केसमधल्या घरांवर कोन्तं अक्षर कुठं हे लिहिलेलं नसे. पण जुळाऱ्याचा हात चुकत नव्हता, कारण घर जागचं हालत नव्हतं. तुहं घरच हालून राह्यलं, तं त्याले रंग दे." डोळ्याला आता बारीक अक्षर दिसत नाही त्यांना, लाल चौकोन लांबून दिसतो.

एक पर्याय राहिला. मूळ डिस्कचं लेबल पुसणं जिथे शक्य नाही, म्हणजे त्या नावावर एखादं बॅकअपचं काम बांधलेलं आहे, तिथे फोल्डर शेअर करा आणि नेट यूज कमांडने आपल्याच मशीनवरून नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडा: नेट यूज पी: \\लोकलहोस्ट\पत्रिका, पुढे /पर्सिस्टंट:येस. अशा ड्राइव्हला एफ २ दाबून साधं रिनेम करता येतं, नाव त्या यूजरच्या रजिस्ट्रीत राहतं आणि डी च्या लेबलशी त्याचा संबंध नसतो. इथे नाव अक्षराला नाही, शेअरच्या पत्त्याला बांधलेलं असतं, त्यामुळे पेन ड्राइव्हचा घोटाळाही होत नाही. ॲडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला मात्र हाही ड्राइव्ह सहसा दिसत नाही. आमच्या दुसऱ्या मशीनवर आम्ही पत्रिकांचा फोल्डर असाच जोडला आहे, लोकलहोस्टच्या जागी पहिल्या मशीनचं नाव टाकून, आणि तिथेही त्याला पी हेच अक्षर आणि 'पत्रिका' हेच नाव ठेवलं आहे.